बेझंटबाईंचा पूर्वार्ध

मुंबईत वरळीच्या ज्या हमरस्त्याला डॉ. अ‍ॅनी बेझंट यांचे नाव दिलेले आहे, त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कोणाही शिकल्यासवरल्या गृहस्थाला या बाई कोण होत्या असे विचारले, तर होमरूलची चळवळ, थिऑसफी आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद ही तीन उत्तरे तो बहुधा बिनचूक देईल. चौथे उत्तर मात्र त्याच्यापाशी नसेल. यात त्याचा दोष नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतून बेझंटबाई जणू १६ नोव्हेंबर १८९३ रोजी, तुतिकोरीनच्या बंदरात त्यांनी पाऊल ठेवले त्याच दिवशी, जन्माला आलेल्या आहेत. वास्तविक त्या दिवशी त्यांचे वय सेहेचाळीस वर्षांचे होते, आणि एका पाद्र्याची पत्नी, निरीश्वरवादाची व्याख्याती, अश्लीलतेच्या खटल्यातील आरोपी, न्यायालयाने जिची मुलगी काढून घेतली अशी आई, समाजवादी पत्रकर्ती आणि लंडनच्या स्कूल बोर्डाची निर्वाचित सभासद एवढी आयुष्ये त्या मागे टाकून आल्या होत्या.

या पूर्वार्धाचे काय करावे, याविषयी त्यांच्या चरित्रकारांत आणि भक्तांत पूर्वीपासून दोन तट आहेत. थिऑसफीच्या अनुयायांच्या मते तो सत्याच्या मंदिरापर्यंत पोचण्यापूर्वीचा चाचपडण्याचा काळ. उलटपक्षी बुद्धिवाद्यांच्या मते त्यानंतरचा सारा उत्तरार्ध म्हणजे एका तेजस्वी बुद्धीचा अधःपात. मला या दोन्ही निवाड्यांत घाई दिसते. १८८९ साली बाईंनी निरीश्वरवाद सोडला हा मी त्यांचा गुन्हा मानीत नाही, कारण मतांतर करणे हा विचार करणाऱ्या माणसाचा हक्क आहे, आणि आयुष्यभर एकच मत बाळगणाऱ्याने ते मत कधी तपासून पाहिले असेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो पुढे १८९१ साली त्यांनी केलेल्या एका कृत्यावर घेतला पाहिजे. परंतु त्या कृत्याचे गांभीर्य ध्यानात येण्यास मागची हकीकत ठाऊक असावी लागते.

अ‍ॅनी वुड यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लहानपणीच वारले. आईने हॅरोच्या प्रसिद्ध शाळेतील मुलांसाठी वसतिगृह चालवून संसार सावरला, आणि मुलीचे शिक्षण कादंबरीकार कॅप्टन मॅरिएट यांच्या बहिणीने केले. ही मुलगी अत्यंत धर्मनिष्ठ होती, इतकी की विसाव्या वर्षी तिने रेव्हरंड फ्रँक बेझंट यांच्याशी विवाह केला तो पती म्हणून त्यांच्यावरील प्रीतीपेक्षा धर्मोपदेशकाच्या पदाविषयीच्या आदरापोटीच केला असावा, असे तिच्याच लेखनावरून वाटते. दोन मुले झाली. १८७१ साली धाकट्या मेबलला डांग्या खोकल्याने इतके घेरले की ती आठवडेच्या आठवडे मरणाच्या दारात होती, आणि त्या अर्भकाच्या उशाशी बसलेल्या आईच्या मनात, निरपराध जिवाला असे गुदमरवणारा परमेश्वर दयाघन कसा, हा प्रश्न जो उभा राहिला तो मुलगी बरी झाली तरी बसेना. तिने ग्रंथ चाळले, ऑक्सफर्डला जाऊन डॉ. प्यूसी या महापंडिताची गाठ घेतली. त्यांनी शंकांचे निरसन करण्याऐवजी, तू आधीच नको तितके वाचले आहेस, अशा आशयाचा दम देऊन तिची बोळवण केली. धर्मपीठावर बसलेल्यांना शंकेखोराची वाटणारी ही भीती आपल्याकडील वाचकांना अपरिचित नाही.

याच काळातला एक प्रसंग बाईंनी स्वतः नमूद करून ठेवलेला आहे. लिंकनशरमधील सिब्सी या गावी पतीची नेमणूक होती आणि ऑर्गन वाजविण्याच्या सरावासाठी चर्चची किल्ली त्यांच्याकडे असे. एके दिवशी त्यांनी आतून कुलूप लावून घेतले, आपल्याला भाषण करता येते की नाही हे एकदा पाहावे म्हणून व्यासपीठावर चढल्या, आणि रिकाम्या बाकांपुढे बायबलच्या ईश्वरप्रणीतत्वावर आपले पहिले व्याख्यान दिले. ज्या व्यासपीठावर स्त्रीला उभे राहण्याची मुभा नव्हती आणि जेथून त्यांचा नवरा दर रविवारी बोलत असे, तेथेच आपल्या वाणीचे सामर्थ्य त्यांना प्रथम उमगले, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण ती कृत्रिम म्हणून बाजूला सारली असती. १८७३ मध्ये, प्रभुभोजनाच्या विधीत भाग घ्यावा नाहीतर घर सोडावे, असे निर्वाणीचे सांगण्यात आल्यावर त्यांनी घर सोडले. विभक्तपणाचा करारनामा झाला. मुलगा बापाकडे गेला आणि मुलगी आईकडे राहिली.

पुढल्याच वर्षी चार्ल्स ब्रॅडलॉ यांची भेट झाली. नॅशनल सेक्युलर सोसायटीचे हे संस्थापक-अध्यक्ष एके काळी पलटणीत शिपाई होते, नंतर वकिलाच्या कचेरीत कारकून होते, आणि कायद्याची कलमे त्यांच्या जिभेवर असत. त्यांच्या ‘नॅशनल रिफॉर्मर’ पत्रात ‘एजॅक्स’ या टोपणनावाने बाईंनी लिहावयास आरंभ केला आणि थोड्याच अवधीत वक्ता म्हणून त्यांची कीर्ती इंग्लंडभर झाली. त्या काळच्या त्यांच्या पुस्तिका आजही वाचनीय आहेत. त्यांत कल्पनेची झेप नाही, विनोद तर जवळजवळ नाहीच; परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरते मांडावयाचे, त्याच्याच शब्दांतून विसंगती दाखवावयाची आणि मग निष्कर्ष वाचकावर सोपवावयाचा ही जी पद्धत त्यांनी ब्रॅडलॉंपासून घेतली, तिच्यामुळे त्यांच्या गद्याला निष्णात वकिलाच्या कैफियतीचे वजन आले.

त्या पद्धतीची खरी कसोटी १८७७ साली लागली. चार्ल्स नोल्टन या अमेरिकन वैद्याने १८३२ मध्ये लिहिलेली ‘फ्रूट्स ऑफ फिलॉसफी’ ही संततिनियमनाची छोटी पुस्तिका इंग्लंडात कित्येक वर्षे मुकाट्याने विकली जात होती. ब्रिस्टलच्या एका विक्रेत्यावर तीपायी खटला झाला आणि लंडनच्या प्रकाशकाने घाबरून गुन्हा कबूल केला, तेव्हा ब्रॅडलॉ आणि बेझंटबाईंनी ती सहा पेन्स किमतीला स्वतः पुन्हा छापली आणि अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक जागी आम्ही ती विकणार आहोत अशी वर्दी अधिकाऱ्यांना आगाऊ देऊन दुकान उघडले. पुस्तक निर्दोष आहे असा त्यांचा दावा नव्हता. त्याची शैली त्यांना स्वतःला फारशी पसंत नव्हती. दावा एवढाच होता की, गरिबाला परवडेल अशा किमतीत हे ज्ञान त्याच्या हाती जाऊ द्यावे की नाही, याचा निवाडा पोलिसाने करावयाचा नाही.

जून महिन्यात क्वीन्स बेंचपुढे लॉर्ड चीफ जस्टिस कॉकबर्न यांच्या अध्यक्षतेखाली खटला चालला. स्त्रियांना वकिलीची सनद मिळत नव्हती. आरोपी म्हणून स्वतःची बाजू मांडण्यास मात्र मज्जाव नव्हता. बाईंनी ती संधी घेतली आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, वर्षागणिक बाळंतपणाने खंगणाऱ्या मजूर बायका आणि अकाली मरणारी मुले यांची कैफियत, माल्थस व मिल यांचे आधार देत, ज्यूरीपुढे मांडली. साक्षीसाठी त्यांनी चार्ल्स डार्विन यांनाही पाचारण करू पाहिले होते. त्या वृद्ध शास्त्रज्ञाने प्रकृतीची सबब सांगून, आणि आपले मत विरुद्ध आहे असेही कळवून, अंग काढून घेतले. ज्यूरीने पुस्तक नीतिभ्रष्ट करणारे ठरविले, परंतु आरोपींचा हेतू दूषित नव्हता अशी पुस्तीही जोडली. शिक्षा झाली सहा महिने कैद, प्रत्येकी दोनशे पौंड दंड आणि वर पाचशे पौंडांचा मुचलका. अपिलात, आरोपपत्रात आक्षेपार्ह शब्द उद्धृत केलेले नाहीत या तांत्रिक कारणावरून, फेब्रुवारी १८७८ मध्ये शिक्षा रद्द झाली. दरम्यान या पुस्तिकेच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या होत्या. बंदी घालणाऱ्यांकडून जाहिरातीचे काम फुकटात होते, हा धडा सरकारे अद्याप शिकलेली नाहीत.

नोल्टनचे पुस्तक जुने झाले होते, म्हणून बाईंनी त्याच विषयावर ‘द लॉ ऑफ पॉप्युलेशन’ हे स्वतःचे पुस्तक लिहिले. त्याची किंमत त्यांना निराळ्या रीतीने मोजावी लागली. १८७८ मध्ये पतीने मेबलच्या ताब्यासाठी दरखास्त केली, आणि न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी, आई निरीश्वरवादी आहे आणि असले पुस्तक प्रसिद्ध करणारी आहे, या दोन कारणांवरून सात वर्षांची मुलगी तिच्यापासून काढून बापाच्या हवाली केली. ज्या मुलीच्या आजारपणातून आईचा नास्तिकपणा उगवला, तीच मुलगी त्या नास्तिकपणापायी गेली. बाईंनी पुस्तक मागे घेतले नाही. पुढील बारा-तेरा वर्षांत त्याच्या दीड लाखाहून जास्त प्रती गेल्या.

त्यानंतरच्या दशकातील ओघ मी थोडक्यात सांगतो. लंडन विद्यापीठात विज्ञानाचा अभ्यास, स्वतःचे ‘अवर कॉर्नर’ हे मासिक, ज्यात बर्नार्ड शॉ यांच्या आरंभीच्या, कोणी छापावयास धजत नव्हते अशा कादंबऱ्या क्रमशः आल्या, आणि १८८५ साली शॉ ज्या सभेचे आधारस्तंभ होते त्या समाजवादी फेबियन सोसायटीत प्रवेश, हे टप्पे एकामागून एक आले. ब्रॅडलॉ कट्टर व्यक्तिस्वातंत्र्यवादी असल्याने समाजवाद त्यांना मानवला नाही, आणि दोघांच्या वाटा येथूनच फाकू लागल्या.

या काळातील त्यांच्या लेखनाचा एक नमुना मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. २३ जून १८८८ च्या ‘द लिंक’ या साप्ताहिकात ‘व्हाइट स्लेव्हरी इन लंडन’ हा त्यांचा लेख आला. ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कारखान्याविषयीच्या त्या लेखात विशेषणांचा भडिमार नाही. त्यात आकडे आहेत. कंपनीने गतवर्षी भागधारकांना तेवीस टक्के लाभांश दिला. पाच पौंडांचा मूळ भाग त्यापूर्वी अठरा पौंडांवर गेला होता. कारखान्यात सोळा वर्षांची एक मुलगी आठवड्याला चार शिलिंग मिळवते आणि बहिणीसह एका खोलीत राहते. भाड्यातच दोन शिलिंग जातात आणि उरल्या पैशांत चहा आणि लोणी-पाव. पाय मळलेले असले किंवा बाकाखालची जागा अस्वच्छ दिसली तर तीन पेन्स दंड. यंत्रात बोटे कापली जाऊ नयेत म्हणून हात मागे घेतल्याने काड्यांची पट्टी गुंतली, त्याबद्दल एकीला एक शिलिंग दंड झाला आणि बोटांची काळजी करू नको, असे सुनावण्यात आले. मालकांनी अब्रुनुकसानीची धमकी दिली आणि लेखातला मजकूर खोटा आहे अशा कागदावर मुलींच्या सह्या मागितल्या; मुलींनी त्या दिल्या नाहीत, एकीला काढून टाकताच बाकीच्या बाहेर पडल्या, आणि सुमारे चौदाशे बायका-मुलींचा तो संप दोन आठवड्यांच्या आत यशस्वी झाला. पुष्कळ लेखक हा संप बाईंनी घडविला असे लिहितात. ते बरोबर नाही. त्यांनी मालावर बहिष्कार सुचविला होता, संप मुलींनी स्वतःहून केला. बाईंनी मागाहून निधी, सभा आणि नव्या संघाचे चिटणीसपण अंगावर घेतले. त्याच वर्षी टॉवर हॅम्लेट्सच्या मतदारांनी त्यांना स्कूल बोर्डावर पाठविले.

आणि मग १८८९ उजाडले. पत्रकार विल्यम स्टेड यांनी थिऑसफिकल सोसायटीच्या संस्थापिका मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ या ग्रंथाचे दोन जाडजूड खंड परीक्षणासाठी त्यांच्या हाती दिले. ग्रंथ वाचून बाई इतक्या भारावल्या की लेखिकेची भेट घेतल्यावाचून त्यांना राहवले नाही. मादामनी त्यांना एक प्रश्न विचारला: सायकिकल रिसर्च सोसायटीचा माझ्यावरील अहवाल तुम्ही वाचला आहे का? अड्यार येथे प्रकट होणारी महात्म्यांची पत्रे बनावट आहेत, असा निष्कर्ष रिचर्ड हॉजसन यांनी १८८५ मध्ये या अहवालात काढला होता. बाईंनी तो मिळवून वाचला, त्यातील मुख्य साक्षीदार विश्वासार्ह नाहीत असा निकाल मनाशी दिला आणि १० मे रोजी थिऑसफिकल सोसायटीचे सभासदत्व पत्करले. नोल्टन खटल्यात प्रत्येक विधानाची रुजवात घेणाऱ्या या विदुषीने येथे ग्रंथाची भव्यता आणि लेखिकेचा चेहरा यांवर भिस्त ठेवली, हे खरे. तरीही येथपर्यंत माझी तक्रार नाही. सहकाऱ्यांनी जाब विचारताच ‘व्हाय आय बिकेम अ थिऑसफिस्ट’ ही पुस्तिका लिहून त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडली. दोनच वर्षांपूर्वी ‘व्हाय आय डू नॉट बिलीव्ह इन गॉड’ ही पुस्तिका लिहिणाऱ्या लेखणीनेच ती लिहिली होती. ब्रॅडलॉंनी आपल्या पत्रात खेद व्यक्त केला, जी. डब्ल्यू. फूट यांनी कडक प्रत्युत्तर छापले. दोन्ही बाजू वाचकापुढे होत्या. ब्रॅडलॉ त्याच वर्षाच्या डिसेंबरात आजारातून नुकतेच उठून काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईस आले. मैत्रीण ज्या सोसायटीत गेली, तिची कचेरी दहा वर्षांपूर्वी याच मुंबईत, गिरगावात, थाटली गेली होती.

१८९१ च्या जानेवारीत ब्रॅडलॉ वारले. त्यांच्या अंत्यविधीला लंडनमधील जे हिंदी विद्यार्थी गेले त्यांत मोहनदास गांधी नावाचा एक तरुण होता. मे महिन्यात ब्लाव्हाट्स्कीही गेल्या. आणि याच वर्षी बेझंटबाईंनी ‘द लॉ ऑफ पॉप्युलेशन’ विक्रीतून काढून घेतले. नवी आवृत्ती छापणार नाही आणि प्रकाशनाचे हक्कही कोणाला विकणार नाही, असे त्यांनी ठरविले. मनुष्य हा जन्मोजन्मी उन्नत होत जाणारा आत्मा आहे, म्हणून वासनेवर उपाय संयमाचा, साधनांचा नव्हे, ही नव्या श्रद्धेची शिकवण. आणि गरीब मातांचे हाल आठवून हा निर्णय आपल्याला किती जड गेला, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

माझा आक्षेप आहे तो येथे. मत बदलले तर त्याविरुद्ध नवे पुस्तक लिहावे, आणि तसे त्यांनी लिहिलेही. जुन्या आवृत्तीला खंडनपर प्रस्तावना जोडावी. फार तर आपले नाव काढून घ्यावे. परंतु लोकांनी काय वाचू नये हे ठरविण्याचा अधिकार सरकारला नाही म्हणून जिने तुरुंगाची तयारी ठेवली आणि मुलगी गमावली, तिने तोच अधिकार स्वतः वापरावा, आणि तोही ज्या बायकांच्या वतीने ती ज्यूरीपुढे उभी राहिली होती त्यांच्याविरुद्ध, हे मतांतर नव्हे. आपल्या वाचकाला निवाडा करू देण्याची जी रीत तिचे खरे भांडवल होती, तीच येथे मोडली. सर जॉर्ज जेसेल यांना जे साधले नव्हते ते थिऑसफीने विनासायास साधले.

ही मोड त्यांच्या लेखनात स्पष्ट उमटलेली आहे. १८८५ साली, निरीश्वरवादी असताना, त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत लिहिली होती. १८९३ साली थिऑसफिस्ट म्हणून पुन्हा आत्मचरित्र लिहिले आणि त्यात जुना मजकूर परिच्छेदच्या परिच्छेद उचलला. प्रसंग तेच, वाक्येही पुष्कळदा तीच. मात्र नव्या ग्रंथाच्या आरंभीच एका ज्योतिषाने मांडलेली त्यांची जन्मकुंडली छापलेली आहे. आपल्या घरांतून कुंडली हा संसाराचा नित्याचा दस्तऐवज असल्याने मराठी वाचकाला त्यात नवल वाटणार नाही. पण डांग्या खोकल्यापासून कॉकबर्नच्या न्यायालयापर्यंत जे जे या बाईने स्वतःच्या बळावर निवडले, ते सारे आता ग्रहांनी आधीच लिहून ठेवलेले होते, असा भास त्या पानाने उत्पन्न होतो. आत्मचरित्र म्हणून पहिले अधिक प्रामाणिक आहे. साहित्य म्हणून दुसरे सरस आहे, हेही कबूल केले पाहिजे.

उत्तरार्धाची थोरवी मी नाकारीत नाही. बनारसचे सेंट्रल हिंदू कॉलेज, गीतेचे इंग्रजी भाषांतर, टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीग काढल्यानंतर सप्टेंबरात मद्रासेत त्यांनी काढलेली लीग, आणि १९१७ ची उटकमंडची नजरकैद यांचे महत्त्व शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मला तर त्या होमरूलच्या लढ्यात थिऑसफीपेक्षा ब्रॅडलॉंची तालीमच अधिक दिसते. वर्तमानपत्र काढावयाचे, जामीन जप्त होऊ द्यावयाचा, कायद्याच्या कलमावर बोट ठेवून सरकारला कोंडीत पकडावयाचे, हे सारे नोल्टनची पुस्तिका विकणाऱ्या स्टोनकटर स्ट्रीटच्या त्या दुकानात शिकलेले होते. जेथे थिऑसफी निर्णायक ठरली तेथे मात्र परिणाम वेगळा झाला. कृष्णमूर्ती नावाच्या मुलाला भावी जगद्गुरू ठरवून त्याच्या ताब्यासाठी त्याच्या बापाशी त्यांनी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत कज्जा चालविला आणि १९१४ मध्ये जिंकला. पस्तीसेक वर्षांपूर्वीची ताटातूट त्या कोर्टकचेरीत त्यांना आठवली असेल काय? त्याच कृष्णमूर्तींनी ऑगस्ट १९२९ मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे, बाईंच्या समक्ष, आपल्याभोवती उभारलेला संघ विसर्जित केला आणि सत्याला संघटनेची गरज नाही असे जाहीर केले. एक्याऐंशी वर्षांच्या बाईंनी ते भाषण दडपण्याचा यत्न केला नाही. त्यांच्या पूर्वार्धाला ते शोभून दिसले.

महाराष्ट्रात हा पूर्वार्ध का पोचला नाही, याचे कारण शोधण्यास लांब जावे लागत नाही. ‘द लिंक’मधला लेख छापून आला त्याच १८८८ मध्ये आगरकरांनी पुण्यात ‘सुधारक’ काढला, आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहूनही अखेरपर्यंत आपल्या अज्ञेयवादावर ते ठाम राहिले. अशा माणसाला ब्रॅडलॉंच्या सहकारिणीशी संवाद साधता आला असता. पण बाई येथे आल्या त्या प्राचीन हिंदुधर्माची महती गात, आणि त्यांच्याभोवती टाळ्या वाजविणाऱ्यांत सनातनी मंडळी अधिक होती. आगरकर १८९५ मध्ये गेले. पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, तेव्हा संततिनियमन, अश्लीलतेचा आरोप आणि न्यायालय ही १८७७ सालची सगळी पात्रे मुंबईत पुन्हा हजर झाली. १९३४ च्या खटल्यात तर डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. त्या वेळी अड्यारला हयातीचे अखेरचे पर्व संपवून बेझंटबाईंना जाऊन वर्षही झाले नव्हते, किंवा जेमतेम झाले होते. त्यांनी १८७७ मध्ये ज्यूरीपुढे केलेले भाषण मराठीत उपलब्ध असते, तर कर्व्यांच्या बाजूने वाचून दाखविता आले असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एखाद्या मराठी प्रकाशकाने नोल्टन खटल्यातील बाईंचे भाषण, आगपेट्यांच्या कारखान्यावरील लेख, आणि ‘व्हाय आय डू नॉट बिलीव्ह इन गॉड’ व ‘व्हाय आय बिकेम अ थिऑसफिस्ट’ या दोन पुस्तिका एकाच बांधणीत, फूट यांच्या उत्तरासह, मराठीत आणाव्यात. ‘द लॉ ऑफ पॉप्युलेशन’चाही त्यात समावेश व्हावा, लेखिकेने ते मागे घेतले होते ही नोंद जोडून, आणि पाठ्यपुस्तक मंडळाने होमरूलच्या धड्यात, १९१७ च्या वर, १८७७ आणि १८८८ या दोन सालांना एकेक ओळ द्यावी.